अक्षराला दोन रुपये

सेलूच्या भांडेगल्लीत कासलीवाल शेठच्या दुकानापुढं
माझं एक स्टूल, आतून ओढलेली वायर
आणि पेनाएवढी थरथरती मशीन.
भांड्यांवर नावं घालतो मी. वीस वर्षं झाली.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.
लोक मोजूनमापून नाव सांगतात :
'भाऊसाहेब' नको, नुसतं 'भाऊ' टाका,
आडनाव काय, सगळ्यांना ठाऊकच आहे.

लग्नसराईत मान वर करायला सवड नसायची.
चि. सौ. कां. हिला मामाकडून. आत्याकडून.
मित्रमंडळ, ढेंगळी पिंपळगाव.
दिवसभर हंड्यांतून घुमायचो,
रात्री जेवताना ताटही वाजायचं हातात.

मग पाडव्याला शटर खाली आलं ते आलंच.
लग्नं लागली, नाही असं नाही. घरातल्या घरात, वीस-पंचवीस माणसांत.
दोघी तर माझ्या पोरीच्या वर्गातल्या.
आम्हाला कळलं तेव्हा
त्या सासरी भाकरी थापायल्या होत्या.
स्वस्तात उरकलं, म्हणायले लोक.
स्वस्तात म्हणजे भांड्यावाचून.
नावावाचून.

शटर अर्धं उघडलं,
माणसं भांडी घेऊन यायली. मोडीला.
पुण्याहून चालत आलेला सेंट्रिंगवाला,
स्टँडपुढं वडे तळणारी निलावती,
बँडमधला क्लॅरिनेटवाला हैदर, बायकोला मागं उभी करून.
शेठ काटा धरायचे, घट कापायचे,
मी पोत्यात टाकायचो.
टाकता टाकता अंगठा अक्षरांवर जायचा.
माझा 'श' मी कुठंही ओळखतो, शेपटी जरा लांब.
कधीकाळी घातलेलं 'शेवंताबाईस सप्रेम'
किलोला तीनशेनं गेलं.
नावाचं वजन काट्यावर येत नाही.

पुढच्या सालचं सांगायला लाज वाटते.
वैशाखात धंदा परत आला.
तेरवीला वाटायचे पेले. शंभर. दीडशे.
वर 'कै.', खाली 'यांच्या स्मरणार्थ'.
एका घरातून दोनदा ऑर्डर आली, आठ दिवसांच्या अंतरानं.
दुसऱ्या खेपेला पोरगा म्हणाला,
मजकूर तोच, नुसतं नाव बदला.
जोडाक्षराचं एक धरायचं की दोन
यावर पूर्वी घासाघीस व्हायची.
त्या महिन्यात कुणी केली नाही.

त्या पैशातून पोरीला मोबाइल घेतला,
जुना, काच तडकलेला.
शाळा त्यात यायची, रेंज आली तर.
गच्चीवर टाकीला टेकून बसायची ती,
ऊन सरकंल तशी सरकायची.
तिच्या अभ्यासाला कुणाकुणाचा हात लागला
हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता सगळं पहिल्यासारखं झालंय, म्हणतात.
बँड वाजतो. हैदर त्यात नाही, तो टमटम चालवतो,
हॉर्न मात्र सुरात देतो.
परवा निलावतीचा धाकटा आला,
मिशी फुटायच्या बेतात, केसांत कापूस.
पिशवीतून डबा काढला. माझंच अक्षर :
माधव खंदारे, नववी ब.
म्हणाला, काका, जिनिंगवर पोरं हसायलीत.
नाव राहू द्या.
तेवढं 'नववी ब' घासून द्या.

किती घ्यावेत सुचेना.
पुसायचा दर कधी ठरवलाच नव्हता मी.
आधी पॉलिशपेपर, मग चाकावर धरलं.
अक्षरं गेली.
पण तेवढी जागा
उरलेल्या डब्याहून जास्त चमकायली.
त्यानं एकदा तिरकी धरून बघितली,
ती बाजू पोटाकडं केली
आणि सायकल काढली. भोंगा झाला होता.